कथील, पीस आणि खोटी जर

गरीला गांडूळ लावून मासा धरणं जास्त पापाचं, की पीस बांधून? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटतो. आमच्या घरात तो तसा गेला नाही, कारण विचारणारी माझी बायको माळकरी आहे आणि हिशेबाला पक्की आहे. तिचं म्हणणं असं: गांडुळाने मासा धरला तर जीव दोन जातात, पण माशाला शेवटचा घास तरी खरा मिळतो. पीस बांधून धरला तर जीव एकच जातो, पण घास खोटा. "म्हणजे तुम्ही एक हिंसा वाचवलीत आणि तिच्या जागी एक असत्य आणून ठेवलंत. यात नफा कुठे झाला तेवढं सांगा."

मी पोलादपूरच्या बाजारात कपडे शिवतो. शास्त्र शिकलेलो नाही. पण प्रश्न हातातल्या कामाचा होता, म्हणून टाळता आला नाही. गेली काही वर्षं तो घेऊनच मी जिग बांधत आलो आहे, आणि ज्यांच्याशी माझी ऊठबस आहे त्या सगळ्यांना त्यात ओढत आलो आहे.

आधी जिग म्हणजे काय ते सांगतो. आमच्याकडे गरवायला जाणं म्हणजे तंगूस, गरी, वजनाला शिशाचा तुकडा आणि डब्यात ओल्या मातीत ठेवलेली गांडुळं. जिग हा प्रकार इथे मागाहून आला; सुट्टीला येणारी हौशी पोरं तो घेऊन आली. यात गरीच्या मानेवरच धातूचा गोळा ओतलेला असतो आणि मागच्या दांडीवर केस, पीस, धागा, चमक असं काहीबाही आवळून बांधलेलं असतं. तंगूस ओवायचं भोक गोळ्याच्या वरच्या अंगाला असतं, त्यामुळे पाण्यात गोळा खाली आणि गरीचं टोक वर राहतं. सावित्रीला ही मोठी सोय. महाबळेश्वरला उगवून घाट उतरणारी ही नदी आमच्याकडे धोंड्याधोंड्यातून वाहते. टोक खाली असलेली गरी इथे सारखी कपारीत अडकते. जिगचा गोळा तळाला टेकवायचा, मनगटाने हलका झटका द्यायचा. तो उठतो आणि पुन्हा बसतो. उठताना पीस मिटतं, बसताना फुलतं. एवढ्या उघडमिटीवर मासा फसतो. गढूळ पाण्यात त्याला ती दिसत नाही, म्हणून हा उद्योग गणपतीनंतर पाणी निवळलं की सुरू होतो आणि शिमग्याच्या आसपास आटोपतो. पहिल्या पावसात चढणीचे मासे वर येतात तेव्हा अर्धा गाव पाण्यात उतरलेला असतो. पण त्या माशांच्या पोटात गाभोळी असते, आणि मी तेव्हा मुलांचे शाळेचे गणवेश शिवत दुकानात बसतो.

मासा आणि लोभ यांची गाठ आपल्याकडे फार जुनी आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. एकनाथांनी या स्कंधावर मराठीत टीका लिहिली, ती १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली, आणि दत्ताच्या चोवीस गुरूंची गोष्ट कीर्तनांतून घरोघर पोचली. त्यात पतंग रूपापायी मरतो, हत्ती स्पर्शापायी, हरीण नादापायी आणि मासा जिभेपायी. आमचे वडीलही माळकरी होते. ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून कितीदा ऐकली असेल. जीभ जिंकली त्याने सगळं जिंकलं, हा तिचा शेवट.

जिग बांधायला लागल्यावर मात्र मला या गोष्टीत एक अडचण दिसू लागली. अवधूताचा मासा खऱ्या आमिषाच्या गळाचा आहे. जिगला चवच नाही. कोंबड्याचं पीस, पॉलिएस्टरचा दोरा, धातूचा गोळा, यांत रस कुठला? मासा जिग तोंडात घेतो, हे खाण्यातलं नाही असं त्याला तिथल्या तिथे कळतं आणि तो ते थुंकून टाकतो. थुंकायच्या आत गरवणाऱ्याने झटका दिला नाही तर मासा सुटला. म्हणजे इथे जीभ माशाला मारत नाही, उलट वाचवू बघते.

मरळीचं तर आणखी वेगळं. मरळीची जोडी पिल्लांवर पहारा करते. लालसर पिल्लांचा घोळका पाण्याच्या वरच्या थरात एका जागी खळबळत असतो आणि आईबाप खाली दबा धरून असतात. त्या घोळक्याच्या कडेला जिग टाकला की मरळ तुटून पडते. ती भुकेने येत नाही. पिल्लांजवळ कुणी परकं आलं म्हणून येते. गरवणाऱ्या पोरांना ही खोड चांगली ठाऊक असते आणि बरेच जण अशा जोडीच्या शोधातच फिरतात. या माशाला अवधूताच्या यादीत कुठे बसवायचं? त्याने कुठला लोभ केला? आईबाप मेले की तो घोळका काही दिवसांत इतर माशांच्या पोटात जातो, आणि आपण मात्र 'लोभाने मासा गळाला लागला' असं म्हणून मोकळे होतो.

यावरून मी एवढंच धरून चाललो आहे की जिगच्या बाबतीत ठरवण्याचा भाग सगळा बांधणाऱ्याकडे असतो. मासा काही ठरवत नाही, समोर हललं त्यावर झडप घालतो. खरं सांगायचं तर नदीकाठी मीही फारसं ठरवत नाही. तंगूस ताणला की हात चालतो, मन तापतं; त्या घटकेला धर्म आठवणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. ठरवायला निवांत जागा एकच, ती म्हणजे दुकानाचं शटर अर्धं ओढल्यावर मशीनचा पाट. तिथे कुणी भुकेलं नसतं, घाई नसते, समोर चिमट्यात रिकामी गरी असते आणि बाजूला डब्यांतून सामान. काय बांधायचं आणि काय नाही, हे तिथे थंड डोक्याने ठरतं. म्हणून पापपुण्याचा हिशेब मी नदीवरून उचलून पाटावर आणला.

पहिलं सामान गोळ्याचं. सगळे शिसं वापरतात. ते जड, मऊ, स्वस्त आणि ३२७ अंशाला वितळणारं, घरच्या शेगडीवर सहज. मुंबई-गोवा महामार्गालगतच्या टायरच्या दुकानांत चाकाचा तोल साधायची जुनी शिशाची वजनं मिळतात. ती वितळवून गोळे ओतले की काम झालं. प्रश्न आहे तो तुटून राहणाऱ्या जिगचा. धोंड्यांच्या नदीत जिग तुटणारच, आणि तुटलेलं शिसं तळाला राहणार. दाणा दळायला पक्षी खडे गिळतात, त्यांत तेही गिळतात. इंग्लंडात हंस असेच मेले, तेव्हा १९८७ पासून तिथे गळाला लावायच्या लहान शिशाच्या वजनांची विक्री बंद केली. हे मला मुलीने सांगितलं. ती जीवशास्त्र शिकली आहे.

महाडला ज्यांच्याकडून मी अस्तर आणि बटणं आणतो ते शेठ जैन आहेत. त्यांना मी शिशाचं सांगितलं. ते म्हणाले, "मास्तर, तुमचं मासे मारणं आमच्या हिशेबात संकल्पी हिंसा. मारायचं ठरवून मारलेलं. शेतात, चुलीपाशी, धंद्यात गृहस्थाकडून जीव जातात, त्याला आमच्याकडे आरंभी आणि उद्योगी म्हणतात, त्यात थोडी सवलत आहे. संकल्पीत काही नाही. पण शिसं वेगळं. त्यात तुम्हाला कुणाला मारायचंच नव्हतं." मग त्यांनी उमास्वातींचं तत्त्वार्थसूत्र सांगितलं. त्यात हिंसेची व्याख्या प्रमादाशी जोडलेली आहे: बेसावधपणाने, मनाच्या मोकाटपणाने दुसऱ्याचे प्राण जाणं. मला ही व्याख्या फार कामाची वाटली. 'माझा तसा हेतू नव्हता' हे वाक्य आपण किती सहज म्हणतो. नदीत काहीही सोडणारा प्रत्येक जण तेच म्हणतो. प्रमादाचा विचार ते वाक्य पुरतं ऐकून घेतो आणि मग विचारतो, की हेतू नव्हता हे ठीक, पण लक्ष कुठे होतं?

शिशाच्या जागी मी कथील घेतलं. भांड्यांना कल्हई करतात तेच. ते २३२ अंशालाच वितळतं आणि तळाला राहिलं तरी शिशासारखं विष होत नाही. अडचणी दोन. एक, ते शिशाहून कितीतरी महाग. दुसरी, ते हलकं: शिशाची घनता ११.३, कथलाची ७.३. तेवढंच वजन हवं तर गोळा दीडपट मोठा होतो, आणि तेवढाच गोळा ठेवला तर तो सावकाश बुडतो, ओढीला तळ गाठत नाही. म्हणून मी गोळा गोल न करता लांबट करतो. साचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा, दोन अर्धुकांचा. गरी त्यात बसवून अर्धुकं मिटायची, सुतळीने आवळायची आणि डावेतून कथील ओतायचं. साचा कडक उन्हात बरेच दिवस वाळलेला असावा लागतो. आत ओल राहिली तर तिची वाफ होते आणि तापलेला धातू उलटा अंगावर उडतो. शेठना पहिला गोळा दाखवला. त्यांनी तो हातात घेतला नाही, पण म्हणाले, "एक पाप कमी झालं. मुख्य आहे तिथेच आहे."

दुसरं सामान पिसाचं. जिगला दोन प्रकारची पिसं लागतात. एक ताठ, लांब, टोकदार. ती गावठी कोंबड्याच्या मानेवर आणि पाठीच्या मागच्या उतारावर येतात. दुसरी मऊ, भुरभुरीत, पाण्यात श्वास घेतल्यागत हलणारी. ब्रॉयलर जेमतेम सहा आठवड्यांत कापतात, त्याला मानेची पिसं धरतच नाहीत. पण त्याच्या पोटाखालची लव दुसऱ्या कामाला छान. चिकनच्या दुकानातून ती फुकट मिळते. रिठ्याच्या पाण्यात धुवायची, सावलीत वाळवायची आणि कडुनिंबाचा पाला घालून डब्यात ठेवायची. गावठी पिसं मिळतात राखणीच्या दिवसांत. गावदेवीला, राखणदाराला कोंबडा दिला जातो. मांस शिजतं, पिसं उकिरड्यावर जातात.

महाडला चवदार तळ्याच्या बाजूला राहणारे एक निवृत्त गुरुजी माझे गिऱ्हाईक आहेत. १९२७ च्या २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या तळ्याचं पाणी ओंजळीने प्यायलं. गुरुजींच्या घरात त्या दिवसाची आठवण सणाहून मोठी. शर्टाचं माप देता देता मी त्यांना पिसांचं विचारलं. पंचशीलातलं पहिलं शील प्राण घेण्याविषयी आणि चौथं खोटं बोलण्याविषयी, तेव्हा माझा जिग दोन्हीत सापडतो हे त्यांनी आधी सांगून टाकलं. मग जीवकसुत्ताची गोष्ट सांगितली. भिक्खूने मांस कधी घेऊ नये? तो प्राणी आपल्यासाठी मारलेला पाहिला असेल, ऐकला असेल किंवा तसा संशय असेल तर. तिन्ही नसतील तर ते त्रिकोटी परिशुद्ध. देवदत्ताने संघात मासे-मांस पुरतं बंद करा अशी मागणी केली तेव्हाही बुद्धाने ती मानली नाही आणि याच नियमावर बोट ठेवलं.

हा नियम ताटातल्या मांसासाठी आहे, पण पिसांना तो नेमका लागतो. देवीला दिलेला कोंबडा माझ्या जिगसाठी मारलेला नाही. ब्रॉयलरही नाही. खाटकाकडून मिळणारं बोकडाचं शेपूटही नाही. पण मी जर राखण देणाऱ्याला म्हणालो, "पुढच्या खेपेला तांबडाच कोंबडा बघ बाबा, मानेवर सोनेरी झाक असलेला," तर त्या शब्दासरशी नियम मोडला. कोंबडा तोच, सुरी तीच, देवीही तीच; त्याच्या मरणात आता माझी इच्छा मिसळली. म्हणून मी रंग मागत नाही. जे मिळेल ते बांधतो. काही हंगाम सगळे जिग काळे होतात, काही करडे. मासे तक्रार करत नाहीत.

संशयाची कसोटी सगळ्यात कडक आहे आणि तिचा उपयोगही सगळ्यात जास्त. परदेशी पद्धतीत जिगला हरणाच्या शेपटीचे केस सांगितलेले असतात. त्याला कारण आहे: ते केस बुडाशी पोकळ असतात, दोरा आवळला की छत्रीसारखे फुलतात. आमच्या घाटातल्या रानात सांबर आहे, भेकर आहे. एखादा पुडी घेऊन येतो आणि म्हणतो, "जुनं कातडं होतं घरात, आजोबांच्या वेळचं." १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते बाळगणंही गुन्हा, पण कायदा बाजूला ठेवला तरी तिसरी कसोटी तिथेच लागते. मोराचं तेच. गळून पडलेलं पीस ठेवायला कायद्याची आडकाठी नाही. त्याची एकेक तंतुडी गरीच्या दांडीवर गुंडाळली की किड्याचं अंग हुबेहूब उठतं. पण बाजारात जुडीने मिळणारी पिसं गळालेली की उपटलेली, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. करवंदीच्या जाळीत सापडलेलं एखादं मी वापरतो, विकत घेत नाही. हरणाच्या जागी बोकडाच्या शेपटीचे केस घेतो. ते फुलत नाहीत. लांब आणि लवचीक असल्याने वळवळतात. जिगची चाल बदलते एवढंच.

आता चमक, म्हणजे बायकोच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. चमकीसाठी मी जरीच्या कातरणी वापरतो. खरी जर म्हणजे चांदीची तार, तिच्यावर सोन्याचा मुलामा, आत रेशीम. खोटी म्हणजे प्लास्टिकची चकचकीत पट्टी. नदीत उलटं होतं: खरी काळवंडते, खोटी चमकत राहते. धंद्यात मी दोन्ही जरी हाताळतो, आणि तिथे एक गोष्ट कळते, की खोट्या जरीची साडी स्वतः खोटी नसते. नवरीला माहीत आहे, सासूला माहीत आहे, पैसे त्या हिशेबाने दिलेत, तर कुणीच फसलं नाही. तीच साडी खरी म्हणून विकली तर असत्य झालं. असत्य वस्तूत नसतं. तिच्या आडून समोरच्याला जे सांगितलं जातं त्यात असतं.

ही समज घेऊन मी पुन्हा गांडुळाकडे आलो, आणि तिथे बायकोच्या हिशेबातली चूक मला सापडली. गांडूळ खरं आहे, मान्य. पण गरीवरचं गांडूळ माशाला काय सांगतं? 'हा घास आहे, मोकळा आहे, घे.' हे सांगणं पिसाच्या सांगण्याइतकंच खोटं. वस्तू खरी, म्हणणं खोटं. म्हणजे गांडुळात जीवही दोन जातात आणि असत्यही पुरेपूर उरतं. पिसाने असत्य वाढत नाही, एक जीव मात्र वाचतो. पतंजलींनी यमांत अहिंसा पहिली ठेवली आणि सत्य दुसरं. तिथे व्यासांचं भाष्य असं, की वाणी फसवणारी नसावी आणि ती जीवांच्या भल्यासाठी असावी. जिने जीवांचा घात होतो ती सत्य ठरत नाही. त्या मापाने बघितलं तर पीस आणि गांडूळ एकाच वाक्याचे दोन उच्चार आहेत आणि ते वाक्य घाताचं आहे.

ते वाक्य खरं असलं तर कसं असतं, हे बघायला वाळणकोंडीला जावं. रायगडाच्या मुलखात काळ नदीवर हा खोल कोंड आहे, काठी वरदायिनीचं ठाणं. कोंडात खडस मासे आहेत, पुस्तकी भाषेत महसीर. त्यांना कुणी धरत नाही. माणसं चुरमुरे टाकतात, मासे हाताजवळ येऊन खातात आणि परत जातात. तिथे 'हा घास आहे, घे' असं म्हटलं जातं आणि ते तेवढंच असतं, त्याच्या मागे दुसरं काही नसतं. शिकलेली माणसं म्हणतात, हे देवीच्या भीतीने. भीतीने पाळलेली अहिंसा कसली? मला यात तथ्य वाटतं आणि नाहीही. पहिल्या पिढीने भीतीने पाळलं असेल. पण ज्या पोराच्या हातून लहानपणी खडसाने चुरमुरा उचलला, त्याला मोठेपणी त्याच पाण्यात गरी टाकायला देवीची भीतीच आड येते असं नाही. आपण दिलेला शब्दही आड येत असणार. आणि शब्दाची हद्द माशाला माहीत नसते. पावसात कोंड भरून वाहतो तेव्हा मासे वरखाली जातात. कोंडाखाली काही अंतरावर पाण्यात पडणाऱ्या घासाचा अर्थ बदलतो, हे त्यांना सांगणार कोण? म्हणून खडसाच्या मापाचा जिग मी बांधत नाही, आणि काळ नदीला गरी नेत नाही.

हौशी पोरांचं यावर उत्तर तयार असतं: धरा, फोटो काढा, सोडून द्या. जीव गेला नाही, मग पाप कुठलं? नदीच्या बाजूने बघितलं तर त्यांचं खरं आहे. सोडलेला मासा पुन्हा अंडी घालतो, माझ्या तव्यावरचा घालत नाही. पण माशाच्या बाजूने? २००३ मध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या ओठांभोवती आणि डोक्यावर वेदना टिपणारे मज्जातंतू असल्याचं दाखवून दिलं. तेव्हापासून 'माशाला काय कळतंय' हे म्हणणं जड झालं आहे. बोकडाचं शेपूट देणारे आमचे चाचा मुसलमान, त्यांचा धर्म मासा खायला मोकळीक देतो. ते म्हणाले, "खायला धर, हलाल आहे. पण जिवाला नुसता निशाणा करायचा नाही, ते आमच्याकडे मना आहे." सोडून देणाऱ्याने हिंसा अर्धी केली की तिचं निमित्तच काढून टाकलं, हे मला अजून पुरतं सुटलेलं नाही. माझ्यापुरतं मी ठरवलं आहे: खायचं नसेल त्या दिवशी टाकायचं नाही, आणि गरीच्या टोकाचा उलटा दात चिमट्याने दाबून सपाट करायचा, म्हणजे चुकून लहान मासा लागला तर फार न फाटता सुटतो.

हे सगळं मी बायकोला सांगितलं. कथील, त्रिकोटी, दाबलेला दात, सगळं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "फास रेशमाचा केलात, इतकंच ना?"

यावर मला व्याधगीतेचा आधार घेता आला असता. महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा व्याध कौशिक ब्राह्मणाला धर्म शिकवतो, आणि तोही मांस विकता विकता. नांगराखाली किती जीव मरतात, मग कोण सुटला, असं तो विचारतो. पण तो वडिलोपार्जित धंद्यात होता, स्वतः मारत नव्हता आणि पोटासाठी बसला होता. माझं पोट शिलाई मशीनवर चालतं. त्याची कुठलीच सबब मला मापाची होत नाही.

मग नदीवर मी जातो कशाला? आडपडदा काढला तर उत्तर एकच उरतं. मला मासा आवडतो. कोकम आणि तिरफळ घातलेलं मरळीचं कालवण, परसातल्या चुलीवर, माझ्या वेगळ्या भांड्यात, कारण स्वयंपाकघरात ते चालत नाही. श्रावणात जीभ खवळते ती त्यासाठीच. अवधूताची गोष्ट इथे परत येते, फक्त तिच्यातलं पात्र बदललेलं असतं. जिभेपायी गळाशी आलेला जीव पाण्याबाहेर उभा असतो. वडील ज्या गुरूचं सांगत होते तो मासा माझ्यावर काही शिकवणी उधळत नाही. मी पाटावर बसून त्याला फसवण्याचं सामान निवडत असतो, आणि त्या निवडीत मला माझीच हाव मोजता येते. कुठल्या वस्तूला मी नाही म्हणू शकतो आणि कुठल्या नाही, एवढं त्यातून कळतं. शिशाला म्हणालो. हरणाच्या केसाला म्हणालो. पिल्लांवरच्या मरळीला आणि खडसाला म्हणालो. गरीला अजून म्हणालेलो नाही.

अलीकडे गावातली काही पोरं जिग बांधायला शिकायला येतात. त्यांचा पहिला प्रश्न रंगाचा असतो. मी विचारतो, "मासा खाणार आहेस का?" नाही म्हणाला तर त्याला सगळं शिकवतो, मेण लावलेला दोरा कसा आवळायचा, पीस कुठल्या अंगाने धरायचं, आणि शेवटी पक्कडीने गरीचं टोक छाटून जिग त्याच्या हातात देतो. मासा येतो, धडक देतो, थुंकतो, जातो. ज्याला तेवढं पुरतं त्याला खेळ हवा होता आणि तो मिळाला. बहुतेकांना पुरत नाही, ते दुसऱ्या दिवशी विकतचा जिग घेऊन जातात. त्यांना मी अडवत नाही. खेळ पुरला नाही आणि मासाही खायचा नाही, तर मग नेमकं काय हवं होतं, हे मात्र त्यांनी नदीवर जायच्या आधी स्वतःला विचारून घ्यावं, इतकंच सांगतो. मला काय हवं असतं ते मला आता माहीत आहे, आणि घरात जेवढं शिजणार तेवढ्याच हिशेबाने मी जिग बांधतो.